दत्तारामाची टाच

चाळकऱ्यांनो, आज या फळ्यावर सभेची बातमी नाही. सकाळी जे घडलं ते लिहितो.

आपला दत्ताराम रोज पहाटे लालबागहून शिवडीपर्यंत धावतो. आज तो लंगडत परतला. वखारीजवळचा गंजका खिळा टाचेत रुतला होता. मी त्याला जिन्यावर बसवून तो काढला.

"तुझे कॅनव्हासचे बूट कुठे आहेत?" मी ओरडलो.

"फळीवर. मास्तर, सभेत तुमीच सांगितलात ना, मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत पायात काय घालू नका?"

"अरे, पण धावताना?"

"धावताना सोडून, असं खंय म्हटलात?" तो हसला.

मग त्याची नजर माझ्या पायांतल्या वहाणांकडे गेली आणि त्याने ती लगेच वळवली.

सभेत माझ्या त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. मी मात्र वहाणा घालूनच घरी आलो होतो.

रविवारची शर्यत त्याच्या हातून गेली. उद्या याच पायावर त्याला आठ तास गिरणीत साच्यापुढे उभं राहायचंय.

मुंबई आपण घेणारच. पण ती अनवाणी राहण्याची शपथ मी सर्वांसमोर मागे घेतो. दत्ताराम ती मोडायला तयार नाही. तुमच्यापैकी कोणीतरी त्याला बूट घालायला सांगाल का? मी सांगायला गेलो, तर तो पुन्हा माझ्या पायांकडे बघेल.