दाजींनी बसवलेली काच

आमचे दाजी कुणालाही गाडीवर बसवण्याआधी गाडी हलवून बघायचे. स्टँडवरून काढायची, दोन्ही पायांत धरायची, हँडल धरून डावी-उजवीकडं झुलवायची आणि हँडलाच्या उजव्या अंगाला रुपयाएवढी गोल काच होती तिच्यात डोळा घालून उभं राहायचं. आतलं ब्रेक ऑइल हललेलं दिसलं की मान डोलवायची आणि मग मागच्याला म्हणायचं, "हं, बसा आता." घाईतला माणूस वैतागायचा. रिक्षावाले दात काढायचे. दाजींवर ढिम्म परिणाम होत नसे. ऑइल हलल्याशिवाय दाजी हलायचे नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. मूळचे नेकनूरचे, पण बीडला एष्टी स्टँडच्या मागं त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान. देव-देवी, गेलेली माणसं, लग्नातली जोडपी आणि पुढंपुढं सिनेमातल्या नट्या, सगळ्यांना काचेआड बसवायचं काम त्यांचं. काच कापायच्या हिरकणीनं एक रेघ ओढायचे आणि टक् करून तुकडा हातात. या कामाची घमेंड इतकी, की कुणाच्याही घरी गेले तरी माणसांआधी भिंतीकडं बघायचे. "ही कुणी बसवली? काचंत लाटा हायेत. देवाचं नाक वाकडं दिसायलंय." एकदा आमच्या चुलत्याच्या दिवसाला गेले आणि चुलत्याचाच फोटो भिंतीवरून उतरवून घेऊन आले. चुलती रडायची थांबून बघतच राहिली. नवी काच घालून फोटो परत केला तेव्हा तीच म्हणाली, "जित्तेपणी येवढे स्वच्छ कधी दिसले न्हाईत बाई."

ते दिवस फॉरेनच्या वेडाचे होते. गल्लोगल्ली केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, एसटीडीचे पिवळे डबे उघडत होते. जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याच्या पोरानं मुंबईहून एक जुनी जपानी मोटारसायकल आणली होती. हौस फिटल्यावर त्यानं ती विकायला काढली आणि दाजींनी घेतली. तशी ती तेव्हाच म्हातारी होती, पण पुढच्या चाकाला पोलादाचं ताटलीसारखं चक्र, त्याला तेलानं दाबणारा ब्रेक, आणि त्या तेलाची डबी हँडलावर. डबीला ती गोल काच, म्हणजे आतलं तेल किती आहे ते उघडल्याशिवाय कळावं. बाकी लोक गाडीचा आवाज ऐकत, चाकं बघत. दाजी काच दाखवत. "बघा, जपान्याला बी शेवटी काचच लागली!"

पण ती काच पिवळी पडली होती आणि तिच्यात केसासारख्या चिरा गेल्या होत्या. पुढं कडेनं ओल धरायला लागली. मिस्त्रीनं सांगितलं, "दाजी, ही काच हिकडं मिळायची न्हाई. मी पत्रा ठोकून भोक बंद करून देतो. तेल बघायचं तर टोपण उघडून बघत जावा." दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काचवाल्याच्या गाडीला पत्रा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." त्यांनी दुकानातल्या काचेचा गोल तुकडा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या, पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन लावून तो भोकात बसवला, वरून फ्रेमला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, फिरवली. रात्रभर डबीत पाणी भरून ठेवलं. थेंब गळला नाही. सकाळी पाणी पुसून ब्रेक ऑइल भरलं आणि दाजी जिंकले.

आता आमचे आबा, म्हणजे माझे वडील. दिंद्रुडला किराणा आणि बी-बियाण्याचं दुकान, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की गिऱ्हाइकाला पुढं वाकून ऐकावं लागे. जावयाचा मान हा त्यांच्या लेखी पूजेसारखाच होता. दाजी वयानं मुलासारखे, पण आबा त्यांना कधी 'तुमी'शिवाय बोलले नाहीत. जावई बसल्याशिवाय बसायचं नाही, त्यांचं जेवण झाल्याशिवाय आपण ताटावर यायचं नाही. जावयाला उलट शब्द बोलायचा म्हणजे तर शिव शिव! मला मात्र दिवसातून दहादा शिव्या मिळायच्या, त्यामुळं मला दाजींचा हेवा वाटायचा.

त्या आठवड्यातल्या बाजारच्या दिवशी दाजी नवी काच घेऊनच दिंद्रुडला आले, म्हणजे गाडी घेऊन. पण दाखवत होते काचच. आबा दुकानाकडं चालत निघाले होते. दाजी म्हणाले, "मामा, चालत कावून? बसा की, बाजारातून मिरवत नेतो." आबांना मोटारसायकलची धास्ती होती, पण जावयाला नाही म्हणायचं कसं? धोतर सावरून चढायला लागले. दाजींनी थांबवलं. "आधी हे बघा मामा. कसं लख्ख! आरपार दिसतंय." आबांनी चष्मा सारखा केला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हाय बुवा लख्ख." मीही बघितलं. खरंच लख्ख होतं. लख्ख असणारच, कारण आत तेल नव्हतंच. ते ऑइल रंगसुद्धा खातं, सोल्युशनची काय कथा! बीडपासून थेंबथेंब गळत आलं होतं. टाकीवरचा रंग फोड येऊन उठला होता, मागं बसून आलेल्या अक्कानं तो दाखवलाही होता. "ऊन," असं म्हणून दाजींनी तिला गप्प केलं होतं.

बाजाराच्या उतारावर एक म्हातारी शेळी ओढत मधे आली. दाजींनी पुढचा ब्रेक दाबला. दांडा नुसताच मुठीला येऊन टेकला. पाय मागच्या ब्रेकवर जाईपर्यंत गाडी तिरपी झाली आणि दोघं वाळल्या मिरच्यांच्या ढिगात. उचलायला धावलेले सगळे शिंकायला लागले. अख्खा बाजार शिंकत होता, शेळीसुद्धा. दाजींना खरचटलंही नव्हतं. आबांचं उजवं मनगट मोडलं होतं.

आणि इथून खरी शिक्षा सुरू झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आबा म्हणाले, "दुकानाच्या पायरीवरून पाय घसरला." दाजी शेजारीच उभे होते, केसांत मिरचीच्या बिया. घरी भेटायला जो येईल त्याला आबांचं हेच, पायरी. बाजारानं डोळ्यांनी बघितलेलं, तरी सगळे मान डोलवत. जिच्या ढिगात ते पडले ती मिरचीवालीही येऊन बसली आणि म्हणाली, "पायऱ्या लई वाईट बघा." आम्हाला हसू आवरेना, आम्ही आत पळालो. दाजी ओसरीवर खाली मान घालून बसले होते. त्यांच्यासमोर आबा मोडका हात गळ्यात अडकवून आईला सांगत होते, "जावईबापूंना च्या दे, दमल्यात ते." आम्ही सगळेच त्या दिवशी फार चांगले वागलो. त्या चांगुलपणाची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दाजी एष्टीनं गेले आणि गाडी टेम्पोतून गेली. त्यानंतर दाजी दिंद्रुडला आले नाहीत. दिवाळी गेली, पंचमी गेली, अक्का एकटीच एष्टीनं यायची. कारणं सांगायची, दुकान, गिऱ्हाईक, मोठी ऑर्डर. माहेरी आलेली बाई, पण दाराकडं पाठ करून बसायची, कुणी विचारू नये म्हणून. आबा विचारत नव्हते. दुकानात बसल्या बसल्या लांबून मोटारसायकलचा आवाज आला की मात्र त्यांचा हिशोब चुकायचा.

मग धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून, पाय धुऊन, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात. बोलावलं नाही तर सासऱ्याचं नाक कापलं जातं आणि बोलावून जावई आला नाही तर नातंच तुटल्यासारखं. आबांनी मला बीडला धाडलं. "घेऊनच ये," एवढंच म्हणाले.

दाजी दुकानात काच कापत होते. कोपऱ्यात चादरीखाली गाडी. मी निरोप सांगितला. त्यांनी हिरकणी खाली ठेवली.

"न्हाई येत मी. काय तोंड घेऊन येऊ?"

"आबांनी काही मनात ठेवलं नाही हो दाजी."

"मग कुठं ठेवलंय? मोडल्याला हात घेऊन च्या पाजला मला त्या मानसानं. एक शिवी दिली असती तर दुसऱ्याच दिवशी आलो असतो, तुझी शपथ. रोज रातच्याला वाट बघतो, आता बोलतील, आता बोलतील." त्यांनी कापलेला तुकडा पुन्हा पुसायला घेतला. "लई लाज वाटती रे. लाजेनं मरायलोय मी."

मी परत येऊन आबांना जसंच्या तसं सांगितलं. आबा भडकले. "शिवी? जावयाला? माझ्या घरात?" आणि मग म्हणाले, "त्याला म्हणावं, नुसता ये."

दाजी आले, एष्टीनं. पाटावर बसले ते कुणाकडंही न बघता. आईनं परात पुढं ठेवली. आबा समोर बसून पाय धुवायला लागले. मनगट वाकडं जुळलं होतं, तांब्या नीट धरता येत नव्हता, पाणी बाजूलाच सांडत होतं. ते बघून दाजींनी पाय मागं ओढले. आबांनी डाव्या हातानं घोटा पकडला.

"ठेव पाय!"

आम्ही दचकलो. हा आवाज आबांचा नव्हताच कधी.

"काच बसवतो म्हणं! गाढवा, देवाच्या फोटूला काच बसवणं निराळं. देव काय फोटूतून गळून जातोय? मिस्त्री सांगायला होता पत्रा ठोक, तर ऐकलास? कावून ऐकशील, बीडचा मोठा काचवाला तू! आन् मला म्हणं, बघा मामा लख्ख! आरं, रिकामं ते लख्खच दिसतंय!" एका पायाचं झालं, दुसरा घेतला. "हाताचं काय, बसला हात. पन तू कुठं मेला होतास बे येवढे दिवस? पोरीला एकटीला एष्टीनं धाडतोस? मी गाडीचा आवाज ऐकत बसायचो दुकानात. लाज वाटाया पायजे!"

आई पुरणाच्या हातानं धावत आली. "अवो, धोंड्याचा जावई हाय!"

"जावई हाय म्हणूनच येवढे दिवस गप होतो," आबा म्हणाले आणि पंच्यानं पाय पुसायला लागले. दाजी लहान पोरासारखे हुंदके देत होते. मधेच म्हणाले, "बोला मामा, आनखी बोला." आबा म्हणाले, "आता जेव." अक्का चुलीपाशी पदरात तोंड घालून हसत होती का रडत होती, कळलं नाही. दाजींनी त्या दिवशी इतके धोंडे खाल्ले की आईला पुन्हा पुरण वाटायला लागलं. निघताना आबा म्हणाले, "पुढल्या बाजारला गाडी घेऊन ये. मी बसनार हाय."

तेव्हा कुठं चादर निघाली. औरंगाबादच्या जुन्या बाजारात तसल्याच एका मोडीतल्या गाडीची काच, रिंगेसकट, दाजींनी हुडकून आणली. मिस्त्रीनं भोकातला जुना चिकटा खरवडला, खाच पुसून कोरडी केली, रबराची रिंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली, वर काच आणि तिच्यावर तारेची कडी. दाजी हात मागं बांधून उभे होते. मिस्त्री चेष्टेनं म्हणाला, "तुमीच दाबा की दाजी, काच म्हणजे तुमचं काम." दाजी म्हणाले, "मला काचंतलं काय कळतंय?" मी तिथं होतो. दाजींच्या तोंडून हे वाक्य ऐकताना मलाच कसंतरी झालं.

पुढल्या बाजारला दाजींनी घरासमोर पहिल्यांदा गाडी झुलवून बघितली. आबांनाही वाकून बघायला लावलं. ऑइल इकडून तिकडं सरकलं. आबा बसले आणि सगळ्या बाजारातून, मिरचीवालीसमोरून, ताठ मानेनं गेले. तेव्हापासून आबा दाजींना चारचौघांत 'तुमी' म्हणत आणि घरात 'तू'. दाजींना ते 'तू' पुरणापेक्षा गोड लागायचं.

आबा गेले त्यानंतर त्यांचा फोटो फ्रेम करायचं काम अर्थातच दाजींकडं गेलं. फ्रेम आली ती सागवानी, पॉलिश केलेली, कोपरे असे जुळलेले की रेघ दिसू नये. पण काच नव्हती. अक्का चिडली, "अवो, गावाला काचा बसवता आन् आमच्या आबांना उघडं ठेवता?" दाजी म्हणाले, "त्येंच्यापुढं माझ्या हातची काच न्हाई बसवायची. बसवली होती एकदा." दुसऱ्या कुणाकडून बसवून घेऊ म्हटलं, तर तेही नको म्हणाले.

आता दाजीही नाहीत. गाडी पोरांनी विकली. आबांचा फोटो अजून तसाच आहे, बिनकाचेचा. धूळ बसते, कपाळावरची विभूती पुसट होत चाललीय. बायको दर दिवाळीला म्हणते, काच बसवून घ्या. मी ऐकत नाही. दाजी शेवटच्या धोंड्याच्या महिन्यात आले होते ते मला आठवतं. पायांनी अधू झाले होते. जेवायला बसण्याआधी फोटोसमोर जाऊन उभे राहिले आणि कुणी ऐकत नाही असं वाटून हळूच म्हणाले, "मामा, बोला की कायतरी."