पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही—आणि तिच्यापासून मी आयुष्यात लपवलं काय, तर सिगरेट आणि हे. सिगरेट तिला लग्नानंतर आठवड्याभरात कळलेली. हे अजून कळलेलं नाही.

डोंबिवलीला एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत मी प्रॉडक्शन मॅनेजर होतो. कंपनीचं नाव घेत नाही. आता रिटायर होऊन बाळकुमला मुलाकडे राहतो, सकाळी चालायला जातो, संध्याकाळी नातीला क्लासला सोडतो. लोक भेटले की म्हणतात, नशीबवान आहात. मी हसतो. काय करणार दुसरं?

आधी शेठबद्दल सांगतो. नाही, पळवाट काढत नाहीये—थोडी काढतोय, पण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे शेठ दानशूर. कंपनीच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की, त्यांनी आईच्या नावाने डायलिसिस सेंटर बांधलं. सगळ्यांना फुकट. कल्याण, उल्हासनगर, पार मुरबाडहून पेशंट येतात आणि जगतात. ती मशीनं खोटी नाहीत. आमच्या डोंबिवलीच्या शेजारचे काका त्यांच्याच जोरावर नातवाचं लग्न बघून गेले. मग वाईट काय त्यात? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलाय, आणि दर वेळी मला सोयीचं उत्तर मिळालंय.

वाईट हे, की आमचा स्क्रबर सडलेला. रिअ‍ॅक्टरमधून, म्हणजे माल शिजतो त्या टाकीतून, निघणारी वाफ धुऊन मग बाहेर सोडायची, हे त्याचं काम. तो काही धूत नव्हता. बॅच चालू झाली की दोन गल्ल्या पलीकडे लोक खिडक्या लावून घ्यायचे. नवीन स्क्रबर मी दर वर्षी मागायचो, आणि दर वर्षी वरून यायचं—पुढच्या वर्षी बघू. त्याच वर्षी सेंटरच्या पायऱ्यांना संगमरवर लागला. मी काय केलं? संगमरवराचं कौतुक केलं, चार लोकांत, शेठना ऐकू जाईल अशा बेताने.

आणि गंमत बघा. सोसायट्यांचे लोक आधी वासावरून भांडायला यायचे, एकदा तर गेटवर मोर्चा आणलेला. सेंटर उभं राहायला लागलं तशा तक्रारी आपोआप कमी झाल्या. ज्याच्या घरात किडनीचा पेशंट, तो कशाला तोंड उघडेल? आणि ज्याच्या घरात नाही, त्याच्या साडूच्या घरात असतोच. वास होता तेवढाच होता. फक्त कोणाला तो येईनासा झाला.

आता तांबे. संजय तांबे, माझा ऑपरेटर. कल्याणला चाळीत राहायचा, बायको शोभा, मुलगी समीक्षा तेव्हा सातवीत. फार हुशार वगैरे नव्हता, कामाला बरा होता. बडबड्या. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाचून दुसऱ्या दिवशी लंगडत यायचा आणि वर मलाच विचारायचा, "साहेब, तुम्ही कधी नाचलाय का हो?" त्या उन्हाळ्यात एकदा रिअ‍ॅक्टरमध्ये प्रेशर चढलं, आणि त्याने कोणाला न विचारता व्हेंट, म्हणजे वाफ बाहेर जाण्याची वाट, पूर्ण उघडली. बरोबरच केलं त्याने. पण परिसरात वास पसरला, वरून मला फोन आला, आणि मी पूर्ण शिफ्टसमोर त्याची अशी काढली की विचारू नका. मला विचारल्याशिवाय त्या व्हॉल्व्हला पुन्हा हात लावलास तर गेटबाहेर जाशील, असं म्हणालो. तो मान हलवून कामाला लागला.

मग सेंटरचं उद्घाटन ठरलं. मंत्री येणार, टीव्हीवाले येणार. वरून निरोप आला, त्या दिवशी वास नको. एवढंच. व्हेंट बंद करा असं मला कोणीही सांगितलेलं नाही, हे नीट ऐका. बॅच पुढे ढकलली असती तर वास आला नसता. पण माल एक्सपोर्टचा होता, गाडी दुसऱ्या दिवशी लागणार होती, आणि बॅच ढकलली असती तर उशीर का झाला ते मला सांगावं लागलं असतं—त्या वर्षी माझं प्रमोशन अडकलेलं. म्हणून मी मधला मार्ग काढला. सकाळी प्लान्टवर गेलो आणि तांबेला सांगितलं, कार्यक्रम होईपर्यंत व्हेंट बंद ठेव, मी सांगेन तेव्हा उघड. तोंडी सांगितलं. आमच्याकडे असल्या गोष्टी तोंडीच सांगतात, त्या तशा का सांगतात हे सगळ्यांना माहीत असतं. "प्रेशर आलं तर?" त्याने विचारलं. फोन कर म्हटलं.

त्याने फोन केला.

शेठ बोलायला उभे राहिलेले. समाजाचं आपण देणं लागतो, वगैरे. मी तिसऱ्या रांगेत, गळ्यात पाहुण्यांचा उपरण्यासारखा तो पट्टा, आणि खिशात फोन थरथरला. प्लान्टचा नंबर. मला माहीत होतं तो कशासाठी आहे. हेच तर—मला माहीत होतं! मी कट केला. आईचं नाव घेऊन शेठनी डोळ्यांना रुमाल लावला, तेव्हा पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. म्हटलं, भाषण संपलं की बाहेर जाऊन करतो. उठून बाहेर जायला किती वेळ लागला असता? शेजारी डायरेक्टर बसलेले, ते काय म्हणतील, एवढाच विचार होता डोक्यात. खरंच, दुसरं काही नव्हतं.

टाळ्यांमध्ये आवाज फार मोठा नाही आला. रिअ‍ॅक्टरच्या झाकणाखालची गॅस्केट, ती सील करणारी चकती, फुटलेली. आतला उकळता माल बाहेर उडाला, आणि तांबे त्याच्या समोर उभा होता. व्हॉल्व्हपाशी. हात लावायला परवानगी मिळायची वाट बघत.

तो दोन दिवस होता. मी हॉस्पिटलमध्ये गेलेलो, पण खोलीत नाही गेलो. काचेतून बघून आलो.

चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर आले. कधी येणार ते आम्हाला नेहमीप्रमाणे आधीच कळलेलं. केबिनमध्ये एसी लावून बसले, प्लान्टवर चक्कर मारली ती नुसती मारल्यासारखी. मग मला म्हणाले, "व्हेंट ऑपरेटरनेच चुकून बंद ठेवली असणार, नाही का?" प्रश्नातच उत्तर तयार. मी फक्त मान हलवायची होती. मी मान हलवली. आणि मग—हे मला कोणी विचारलं नव्हतं, हे माझं मी जोडलं—म्हणालो, तांबे जरा निष्काळजीच होता, याआधीही एकदा मी त्याला सगळ्यांसमोर झापलंय. पाच-सहा जण साक्षीला होते की! सगळ्यांनी ऐकलेलं. तो प्लान्टचा फोन, ते दोन कॉल, कोणी तपासलेच नाहीत. जाताना इन्स्पेक्टरसाहेबांनी हळूच विचारलं, सासऱ्यांना डायलिसिस सांगितलंय, समोर नंबर लागेल का. मीच लावून दिला नंबर.

शेठनी शोभावहिनींना सेंटरमध्ये नोकरीला ठेवलं. समीक्षाची फी सेंटरच्या ट्रस्टने भरली, पार केमिकलच्या डिप्लोमापर्यंत. पेपरात त्यांचा फोटो आला, शेठ, वहिनी, आणि मध्ये गणवेशातली पोर. वहिनी आजही म्हणतात, दुसरी कंपनी असती तर रस्त्यावर आलो असतो. खोटं नाही ते. मी ऐकून घेतो. त्यांच्या नवऱ्याचं नाव मी मातीत घातलं, आणि त्या मला दर दिवाळीला फराळ पाठवतात. मी खातो तो.

चार दिवसांपूर्वी दोघी बाळकुमला आल्या, पेढे घेऊन. समीक्षा नोकरीला लागली. कुठे, ते सांगायला नकोच—त्याच प्लान्टमध्ये, ट्रेनी म्हणून. मी स्क्रबरचं विचारलं, उगाच सहज विचारल्यासारखं. "जुनाच आहे अजून," ती म्हणाली, "पण सेंटरवर अजून एक मजला चढतोय सर, रविवारी उद्घाटन आहे, माझी फर्स्ट शिफ्टच आहे त्या दिवशी. मस्त ना?"

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सर, तुम्हीच सांगा हो हिला. हिच्या पप्पांनी स्वतःच्या डोक्याने केलं आणि काय झालं बघितलंत ना. साहेबांनी सांगितल्याशिवाय तू काही करायचं नाही, कळलं ना समू?"

पोरगी माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणतो ते ऐकायला, अगदी मनापासून. मला बोलायचं होतं—प्रेशरचा काटा चढला की कोणाला विचारू नकोस, कोणाच्या फोनची वाट बघू नकोस, व्हेंट उघड आणि नोकरी गेली तर जाऊ दे. एवढंच वाक्य होतं. पण ते बोललो असतो तर तिने विचारलं असतं, सर, असं का म्हणताय? ती हुशार आहे, विचारलंच असतं.

मी म्हणालो, आई म्हणते ते ऐक.

तिने वाकून नमस्कार केला. रविवार परवा आहे.