पाकाची दाढ

कारखान्यात त्यांना सगळे कडककाका म्हणत. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माणसांची पारख नव्हती, असं नवख्याला वाटायचं. कारण काकांइतका मऊ माणूस शोधून सापडला नसता. रस्ता ओलांडताना सायकलवाल्यालासुद्धा हात करून ‘या, तुम्ही आधी’ म्हणणारा. बायकोच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं, तर मुकाट्याने पाणी जास्त पिणारा. पण नाव स्वभावावरून पडलंच नव्हतं. गोळ्यांच्या त्या कारखान्यात काका पाकाच्या कढईपाशी उभे असत, आणि ते ‘कडक!’ म्हणून ओरडले की दोघं जण कढई उचलून पाक टेबलावर ओतत. त्याआधी कढईला हात लावायची मालकाचीही छाती होत नसे.

आता कडक म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. साखरेचा पाक उकळत आला की काका चमच्याने एक थेंब गार पाण्याच्या वाटीत सोडत. थेंबाचा मणी होई. तो मणी डावीकडच्या एका ठरलेल्या दाढेखाली धरायचा आणि चावायचा. चिकटला, तर पाक कच्चा. कट्‌ करून तुटला, तर कडक. मधे जेमतेम दोन-चार श्वासांचं अंतर. लवकर उतरवला तर गोळ्या दुसऱ्या दिवशी बरणीत एकमेकींच्या गळ्यात पडायच्या, उशीर झाला तर करपून कडू. मालकाने एकदा हौसेने काचेचा थर्मामीटर आणला होता. तो कढईतच फुटला, सगळा पाक गटारात ओतावा लागला, आणि त्या दिवसापासून थर्मामीटरचं नाव काढलेलं मालकाला खपत नसे. म्हणजे कारखाना चालायचा तो काकांच्या एका दाढेवर. उजवीकडे का चावत नाही, असं कुणी विचारलं तर काका म्हणत, “उजवीकडे काही कळत नाही बाबा. सही करायचा हात एकच असतो ना?”

आणि नेमकी तीच दाढ दुखायला लागली.

दुखणंही मोठं चमत्कारिक. चावताना काही नाही. चावून सोडलं की कळ यायची, थेट कानापर्यंत. डोळ्यांत पाणी उभं राहायचं. काका वाफेच्या नावावर डोळे पुसायचे आणि ‘कडक!’ म्हणायचे. घरी उजवीकडूनच जेवायचे. लवंग धरून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, गरम फडक्याने शेकून झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण कळेपेक्षा जास्त छळत होता तो विचार. दाढ गेली तर कढई गेली. कढई गेली तर या वयात आपल्याला कोण विचारतंय? फार तर बरण्या धुवायला बसवतील, आणि आपल्या जागी दुसरा कुणी उभा राहून ‘कडक!’ म्हणेल, तेही आपल्या देखत.

बायकोच्या नजरेतून काय सुटणार? “दाताच्या डॉक्टरकडे जा,” ती म्हणाली. “नाहीतर मी जाते, माझीच दाढ दाखवते आणि तुमचं औषध घेऊन येते. तसं चालेल?”

“दुखत नाहीये फारसं.”

“हो, म्हणून काल रात्री उशी चावत होतात.”

दवाखाना एका वह्या-पेनांच्या दुकानाच्या माडीवर होता. सांगितलेल्या वेळेला काका पोचले आणि बाहेरच्या बाकावर बसले ते बसलेच. टेबलामागची मुलगी दर वेळी मान वर न करता “झालंच हं काका” म्हणायची आणि फोन घ्यायची. समोरच्या भिंतीवर एका कुटुंबाचा फोटो होता. आई, बाप, दोन पोरं, सगळे बत्तीशी दाखवून हसत होते. आतून यंत्राचा आवाज यायचा, मधेच थांबायचा आणि मग कुणाचं तरी “आं आं” ऐकू यायचं. काकांची पाचावर धारण बसली. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले आणि बायकोचा चेहरा आठवून परत आले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी काकांना खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर आणला आणि म्हणाल्या, “मी एकेक दात हळूच ठोकून बघते. दुखलं की हात वर करा.”

आणि इथे काकांनी नको ते करून ठेवलं. कसं सुचलं देव जाणे! पाकाच्या दाढेवर टकटक झाली तेव्हा कळ डोक्यात गेली, पायाची बोटं वळली, पण काकांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले आणि हात खालीच ठेवला. शेजारच्या, मागच्या दाढेवर ठोकल्याबरोबर मात्र असा काही हात उडवला की दिवाच हलला.

“ही?”

“आं! हीच, हीच!”

त्या मागच्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती, तेव्हा बाईंनाही ते पटलं. काकांचा हिशेब साधा होता. दुखणं एका दाढेतून दुसरीत जातं असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे मागचीला काय करायचं ते करा, काढा, जाळा, पुरा. मूळ तिथेच असेल तर पाकाची दाढ आपोआप थांबेल. नसेल तर निदान ती तोंडात तरी राहील. भित्र्या माणसाला घाबरून जी हुशारी सुचते, त्यातलीच ही.

मग खेपा सुरू झाल्या. बाईंनी त्या दाढेचं रूट कॅनाल करायला घेतलं. आज पोखरलं, पुढच्या वेळी साफ केलं, त्याच्या पुढच्या वेळी औषध भरलं. दर वेळी तो बाक, तो फोटो, ते “झालंच हं काका”. दर वेळी जबडा दुखेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं, ओठ बधिर, पाणी प्यायला गेलं तर शर्टावर. आणि घरी येऊन डावीकडे काही चावून सोडलं की कळ तशीच, उलट जास्त.

“अजून दुखतंय?” बाई विचारायच्या.

“दुखतंय.”

“याच दाढेत?”

“याच.”

बाई दाढेचा एक्स-रे फोटो दिव्यासमोर धरून बघत राहायच्या. “अहो, मूळ स्वच्छ आहे. आतली नस काढलेली आहे. दुखायला तिथे काही उरलेलंच नाही काका.” मग स्वतःशीच म्हणायच्या, “माझंच काहीतरी राहतंय.” एकदा तर त्यांनी आपल्या सरांना फोन लावला आणि तोंड भिंतीकडे करून हळू आवाजात बोलल्या. काका खुर्चीत आडवे पडून ऐकत होते. त्यांना फार लाज वाटली, पण तोंडात कापूस होता, आणि कापूस काढल्यावरही ते बोलले नाहीत.

इकडे कारखान्यात वेगळंच शिजत होतं. कळेच्या धास्तीने काका मणी दाढेखाली धरायचे, पण नीट चावायचेच नाहीत. दाताने नुसता दाबायचे, अंदाजाने ‘कडक!’ म्हणायचे आणि मनात म्हणायचे, देवा, निभाव. बरेच दिवस निभावलं. मग एका सकाळी मालक गोदामातून एक बरणी घेऊन आले आणि टेबलावर उलटी केली. एकही गोळी पडली नाही. आत लिंबाच्या गोळ्यांचा एकच पिवळा गठ्ठा झाला होता. अशा कितीतरी बरण्या निघाल्या.

“बरणीमावशी!” मालक गरजले.

बरण्या भरून झाकणं लावायचं काम मावशींकडे. एकट्या बाई, पदराशी शिकणारी मुलगी. बोलायला फटकळ, कामाला चोख. मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. “झाकणं उघडी टाकून गप्पा मारता! दमट हवा आत गेली. उद्यापासून यायचं नाही.”

“मी झाकणं लावली होती,” मावशी म्हणाल्या. एरवी चार शब्द जास्त बोलणाऱ्या मावशी पुन्हा तेवढंच म्हणाल्या, “लावली होती मी.” आणि त्यांचा आवाज फुटला.

काका कढईपाशी उभे. गाल सुजून एका बाजूला आलेला. सगळ्या कारखान्यात एकट्या त्यांना खरं माहीत होतं. गप्प राहिलं तर कढई आपली राहते. बोललं तर संपलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? मावशींनी एप्रनची गाठ सोडायला मागे हात नेले, तेव्हा काकांच्या तोंडून शब्द सुटले.

“पाक कच्चा उतरवला होता.”

“काय?” मालक वळले.

“मी उतरवला. चावता येत नाही मला. कधीपासून येत नाहीये. मावशींची झाकणं बरोबर होती.”

मालकांनी बरणीकडे बघितलं, काकांच्या गालाकडे बघितलं. “इतकी वर्षं तुमच्या शब्दावर कढई उचलतोय मी,” एवढंच म्हणाले. “जा. आधी तो गाल दाखवून या.”

काका तसेच जिना चढले. आज टेबलामागच्या मुलीने ‘झालंच’ म्हणायच्या आत उभ्या उभ्याच आत शिरले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. कढई, मणी, पाकाची दाढ, तो वर न केलेला हात.

बाईंनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. पुढची दाढ ठोकून बघितली, काडीवर कापूस गुंडाळून चावायला दिला, सोडायला सांगितलं. काका खुर्चीतून अर्धे उठले.

“चीर गेलीय दाढेला,” त्या म्हणाल्या. “एक्स-रेत दिसत नाही अशी. चावून सोडल्यावर दुखतं ते म्हणूनच. मी चांगली दाढ मारली काका, तुमच्या सांगण्यावरून. आणि रोज घरी जाऊन पुस्तकं उघडून बसत होते, माझं काय चुकलं म्हणून.”

“चुकलं माझं.”

“पहिल्या दिवशी हात वर केला असतात ना, तर टोपी बसवून वाचवली असती ती. आता चीर मुळापर्यंत गेलीय. काढावीच लागेल.”

जिला वाचवायला एवढा आटापिटा केला, तिचा घात आपल्याच हाताने झाला, हे ऐकून काकांना खुर्चीतच रडू आलं. बाईंना वाटलं सुई टोचली. दाढ निघायला फार वेळ लागला नाही. घरी बायकोने दूध गार करून पुढे ठेवलं.

सूज उतरल्यावर काका कारखान्यात गेले ते हिशेब करून घ्यायच्या तयारीने. तर मालक सगळ्यांना रांगेत उभं करून दात तपासत होते. खरंच! “आ करा. हं, तुमचे हलतात. तुम्ही तंबाखूवाले, चला, पुढे.” अखेर मावशींपाशी थांबले. सगळे दात जागच्या जागी, एकही किडका नाही. गोळ्यांच्या कारखान्यात राहून मावशींनी कधी गोळी तोंडात टाकली नव्हती.

“कडककाका,” मालक म्हणाले, “यांना शिकवा.”

“आणि मी?”

“शिकवून तर होऊ दे.” मालकांनी यापुढे काहीच सांगितलं नाही, आणि विचारायची काकांची हिंमत झाली नाही.

पाक उकळायला लागला. काकांनी थेंब पाण्यात सोडला आणि मणी मावशींच्या हातावर ठेवला. “डावीकडे, मागे. चावा.”

“चिकटतोय.”

थोड्या वेळाने दुसरा. “चिकटतोय.” मग तिसरा. मावशींनी चावला आणि गप्प उभ्या राहिल्या. बुडबुडे बारीक आणि जड झाले होते. काकांचे डोळे कढईवर, कान मावशींच्या तोंडाकडे. जीभ सारखी हिरडीतल्या खळग्यात जात होती, तिथे सांगायला काहीच नव्हतं.

“तुटला का? चिकटला? बोला ना!”

“अहो, कळू तर द्या मला.”

“मावशी, खरं सांगा हं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.”

मावशी त्यांच्याकडे बघायलाच लागल्या. “खोटं सांगून माझं काय भलं होणार, काका?”

काकांनी मान खाली घातली. कान तापले होते.

“तुटला,” मावशी म्हणाल्या. “कट्‌ करून.”

कढईच्या कड्यांवर उचलणाऱ्या दोघांचे हात होते आणि दोघंही काकांच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांची सवय ती. क्षणभर तो शब्द काकांच्या जिभेवर आलाही. पण मणी कुठे चावला होता त्यांनी?

“माझ्याकडे नका बघू,” काका म्हणाले. “त्यांना विचारा.”

“कडक,” मावशी पुटपुटल्या. कुणी हललं नाही.

“मोठ्याने, मावशी! करपेल सगळं!”

“कडक!” मावशी ओरडल्या, आणि कढई उचलली गेली.