सुजाता मॅडम आणि मिरचीचा बोकड्या

लाल मिरचीचा शेवटचा तोडा चालू होता, तेव्हा राजारामपुरीतून सुजाता मॅडमच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई सकाळी गेली..." एवढंच ती बोलली. मी तिथंच सरीत बसले. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावात मॅडमचं ना घर होतं ना नातं. तरी त्या दिवशी सगळ्या शिवारातला तोडा थांबला. त्याला आता दीड महिना होईल.

कृषी महाविद्यालयात त्या पिकांचे रोग शिकवायच्या. निवृत्तीनंतर आमच्या बचत गटाच्या बैठकीला पहिल्यांदा आल्या, तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी मिरचीवर बोकड्या रोग पडला होता. पानं आखडून वाटीसारखी झालेली, झाडं खुरटलेली. जो तो दुकानदार देईल ते औषध मारत होता. मॅडम रानातून फिरून आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो विषाणू हाय. झाडात शिरला की त्याच्यावर औषध न्हाय. पांढरी माशी आजारी झाडाचा रस पिते आणि तेच तोंड चांगल्या झाडाला लावते. आजारी झाडं उपटा, पिशवीत घाला, लांब नेऊन पुरा."

माझे सासरे, आबा, भडकले. "जित्तं झाड उपटाय सांगताय व्हय? पोरागत वाढवलंय आमी!"

"म्हणून तर सांगते आबा. बाकीची पोरं वाचवायची हायत न्हवं?"

आबा उठून गेले. मी थांबले, पण हात काही धजेना. मग मॅडमच पदर खोचून माझ्या वाफ्यात उतरल्या. पहिलं झाड मी उपटलं तेव्हा त्याला दोन फुलं होती... आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या हंगामात हाती थोडंच लागलं, आणि तसं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. "खरी लढाई रोपात हाय," त्या म्हणायच्या, "आणि ती एकट्यानं जिंकता येत न्हाय." एका रानात रोग राहिला तर माशी तो सगळीकडं नेणार. म्हणून पुढच्या वर्षी गटातल्या आम्ही बायका त्यांच्याबरोबर घरोघर फिरलो. माशी अडवायला सगळ्यांनी बारीक जाळीखाली रोपं केली, रानाभोवती मक्याच्या ओळी पेरल्या, आखडलेलं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटलं. प्रत्येकाच्या रानातलं पहिलं झाड उपटताना मॅडम बांधावर उभ्या असायच्याच.

बोकड्या अगदीच आला नाही असं नाही. पण तुरळक झाडांवर थांबला. शिवार लालभडक झालं! गावातल्या गच्च्यांवर मिरची वाळवायला जागा पुरेना. मॅडमना आबांनी स्वतः सगळं रान फिरवून दाखवलं आणि बांधावर थांबून म्हणाले, "मॅडम, चुकलंच माझं." मॅडम मोठ्यानं हसल्या. तसं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

परवा गडहिंग्लजकडच्या काही बायका आमची उन्हाळी रोपं बघायला आल्या. जाळीच्या दारातच त्या गप्पा मारत उभ्या राहिल्या. आतून आबा ओरडले, "पावणं, आदी दार लावा, मग बोला! मॅडमनी बघितलं तर खैर न्हाय!"

मी पुढं होऊन दार लावलं.