नवस फेडल्यावरची गोळी

लीलाबाईच्या दिराला, बाळासोला, जगातलं सगळं कळायचं. फक्त गप्प कधी बसावं तेवढं कळत नसे. थोरला हरिबा, म्हणजे लीलाबाईचा नवरा, सांगलीच्या हळद पेठेत हमाल. त्याला एचआयव्ही निघाला, मागोमाग लीलाबाईलाही. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि इकडे बाळासोनं मेढ्याकडच्या गावात म्हसोबाला परस्पर बोकड बोलून टाकला. पुढं हरिबाच्या रक्तात विषाणू सापडेना, तेव्हा बोकड कापला. ‘थोरल्याची साखर उतरली’ असं सांगून भावकीला जेवू घातलं. भावकीनंही रस्सा ओरपत साखरेला शिव्या घातल्या.

नवस फिटला म्हणजे दुखणं गेलं. त्यावर गोळी खाणं म्हणजे देवावर अविश्वास, हा बाळासोचा निवाडा. भरलं पोतं लीलया उचलणारा हरिबा धाकट्यापुढं नंदीबैलासारखा मान डोलवत राहिला. बायकोला न सांगता त्यानं गोळ्या सोडल्या. नव्या तपासणीत विषाणू पुन्हा हजर.

दवाखान्यात समुपदेशक प्रियदर्शनीसमोर तिघं बसली. बाळासो देवाची बाजू मांडायला आला होता.

“मग इतकं दिस त्यो हुता कुठं?” लीलाबाईनं विचारलं.

“अंगातच, मावशी. आजार जोरात असतो तेव्हा त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशींची धावपळ चालते. गोळ्या सुरू झाल्या की ती थांबते. मग काही पेशी झोपी जातात, आणि त्यांच्या पोटातला विषाणूही. लपलेला बराचसा साठा त्याच सुमाराला पक्का होतो. झोपलेल्याला गोळी मारत नाही. उठून पसरायला लागला की अडवते. गोळी थांबली की त्याला रान मोकळं.”

बाळासोनं मांडीवर थाप मारली. “बघा वैनी! म्हंजी गोळीनंच लपवला की!”

“भावजी, हंगाम सरताना पेठंत जी हळद उरती, ती जमिनीखालच्या पेवात जाती. म्हणून काय पेवाचं तोंड लिंपणाऱ्यानं हळद पिकवली? पिकवली कुणी, ते तुमच्या भावाला इचारा.”

हरिबा फरशीकडं बघू लागला.

“पर म्हसोबा कोपला तर?” बाळासोनं विचारलं.

“नवस बोलला तुमी, बोकडाच्या नळ्या फोडल्या तुमी. कोपायचं तर त्याला तुमचं घर ठाऊक हाय. मी तर रोज गोळी खातीया, माझ्यावर कुठं कोपला त्यो?”

बाळासोला अचानक बाहेर गाडी नीट लावली की नाही ते बघायचं आठवलं.

“गोळी परत लागू पडंल का?” हरिबा पुटपुटला.

“तीच चालेल की बदलावी लागेल, ते डॉक्टर बघतील,” प्रियदर्शनी म्हणाली. “आता मात्र खंड नको.”

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. घरी हरिबानं बायकोपुढं ओंजळ धरली.

“प्रसाद न्हाई ह्यो. डबा फळीवर हाय, उठा.”

तेव्हापासून हरिबा स्वतः उठतो, तिच्यासमोर गोळी गिळतो आणि शाळकरी पोरासारखी जीभ काढून दाखवतो. ती नीट बघते, शाबास म्हणत नाही, आणि आपली गोळी तोंडात टाकते.