कंपनीचे कपडे

आईच्या छातीत पाणी झालं तेव्हा घणसोली गावातल्या निम्म्या बायकांनी टीबी ठरवूनच टाकला होता. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून मेसोथेलिओमा सांगितला. फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, क्वचितच होणारा, आणि बहुतेकदा ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं. "कुठल्या कारखान्यात कामाला होता का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मी कुठं जातंय कारखान्यात? घरातनाच सवड नाय."

कारखान्यात बाबा होते, माझ्या लहानपणी. रबाळ्याला, भट्टीच्या दारांना लावायचे ॲस्बेस्टॉसचे दोर वळायच्या खात्यात. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे घरी यायचे. धूळ घरात नको म्हणून मागच्या दारीच कपडे उतरवायचे; भारी टापटिपीचा माणूस. आई ते कपडे आधी कोरडेच दगडावर आपटायची, मग भिजवायची. तसेच भिजवले तर धुळीचा लगदा होऊन मोरी तुंबायची, आणि मोरी तुंबली की शेजारीण भांडायला टपलेलीच. नाकाला पदर लावावा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट आईचं बघून बाकीच्या कामगारांच्या बायकाही कपडे आधी आपटू लागल्या.

हे ऐकून डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनीही होतो हा आजार. मला बाबांचा नाही, कारखान्याचा राग आला. अजून येतो. कामगाराला दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायचे, पण कपडे तिथल्या तिथे धुवायची सोय करावी असं एकालाही वाटलं नाही.

परत येताना रिक्षात आईनं माझा हात घट्ट धरला. "तुजे बापाला यातला काय पन सांगू नको. जेवाचा बंद व्हईल तो."

बाबांना आम्ही नुसतं कॅन्सर म्हणून सांगितलं. गावात कुणी कारखान्याच्या धुळीचा विषय काढला की ते तावातावानं म्हणायचे, "धुलीत तं मी होतो. मना काय झाला?" आई आतून म्हणायची, "तं काय!" धाप लागलेली असली तरी म्हणायची.

आई गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि बाबांनी मला ओट्यावर बोलावलं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माजे कपड्यांमुलं झाला का तिला?"

मी "नाही" म्हटलं. खोटं बोलताना एरवी माझी त-त-प-प होते. त्या दिवशी झाली नाही.

बाबा म्हणाले, "ती पन नायच बोलली होती."