पेढीच्या दारातली म्हैस

आक्काला कुणाशी भांडायचं असलं, की ती आधी माणसं गोळा करी. भांडण सुरू झाल्यावर माणसं जमतात, ही जगाची रीत, आक्काची उलटी. "अवो, जरा हिकडं या की, मला ह्यास्नी बोलायचं हाय!" अशी हाक गल्लीत जायची, गल्ली जमायची, आणि मगच ती तोंड सोडायची. कौतुकाचंही तेच. तिच्या माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली आणि पहिलं भाडं वेळेवर दिलं, तर तिनं मला मनगट धरून दारात आणलं आणि ओरडून सांगितलं, "मास्तरनं भाडं दिलंय बरं का!" समोरच्या तालमीतले दोन पैलवान अंगाला माती लागलेली तशीच बाहेर आले. त्यांना वाटलं, मी काहीतरी चोरलं आहे.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराला मी रत्नागिरीकडून कोल्हापूरला शाळेत नोकरीला आलो. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "थांबा मास्तर, मी आलो की!" असा आवाज घरातून आला आणि आक्का बाहेर आली, तेव्हा तिच्या मागून येणाऱ्या गृहस्थांना नमस्कार करायला मी हात जोडून तसाच उभा राहिलो. गृहस्थ आले नाहीत. ते केव्हाच वारले होते.

आक्काचा धंदा दुधाचा. रोज संध्याकाळी ती मैनेला, म्हणजे आपल्या म्हशीला, पेठेतल्या दुधाच्या कट्ट्यावर नेऊन बांधी. लोक घरून पेले घेऊन येत. धार थेट पेल्यात पडायची, वर फेस चढायचा, आणि गिऱ्हाईक तिथंच उभ्यानं पिऊन मिशी पुसायचं. पाणी घातलं की नाही, हा प्रश्नच नव्हता. "दूध बी डोळ्यादेखत, पैसा बी डोळ्यादेखत," ती म्हणायची. "मग दोगांस्नी बी झोप ग्वाड लागती." 'डोळ्यादेखत' हा शब्द तिच्या तोंडी इतका असे, की कट्ट्यावरची पोरं तिला मागून डोळ्यादेखत-आक्काच म्हणत. मागून म्हणत, कारण समोर म्हटलं असतं तर तिनं आधी माणसं बोलावली असती.

तिची एकच गोष्ट डोळ्याआड चालली होती, ती म्हणजे तिचं घर. नवऱ्यानं म्हशी घेताना घर गहाण टाकलं होतं. कर्ज देणारा म्हातारा सज्जन होता. ओट्यावर बसून चारचौघांत हप्ता घ्यायचा आणि पावती द्यायचा. तो गेला, आणि त्याच्या मुलांनी सगळी गहाणखतं एका पेढीला विकून टाकली. तिथून खेळ सुरू झाला. आक्का एक तारखेला हप्ता घेऊन जायची, तर दिवाणजी म्हणायचे, "शेठ बाहेरगावी आहेत, त्यांच्यामाघारी रक्कम घेता येत नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशी गेली की, "तारीख उलटली, आता दंड." दंड दिला की त्यावर व्याज, आणि नोटीस पाठवली म्हणून नोटिशीचा खर्च. पेठेतली आणखी काही घरं त्याच पेढीत अडकलेली होती. पण घर गहाण आहे हे कोण कुणाला सांगतो? ज्यानं त्यानं मान खाली घालून जायचं आणि दंड भरून यायचं.

मी आक्काला म्हणालो, "तुम्ही आरडाओरडा करता म्हणून ते असं वागतात. सभ्यपणानं बोललं की कामं होतात." आणि त्या महिन्याचा हप्ता घेऊन मी स्वतः गेलो. सभ्यपणा खरोखरच उपयोगी पडला. दिवाणजींनी मला गादीवर बसवलं, "या गुरुजी" म्हणाले, रत्नागिरीच्या आंब्यांची चौकशी केली, कोपऱ्यावरून खास पान मागवलं. पैसे मोजून घेतले. पावतीचं काढलं, तर हसून म्हणाले, "पावती कुठं पळून जाते? घरचीच पेढी समजा." मी छाती काढून परत आलो. आक्का दारातच होती.

"पावती?"

माझ्या तोंडात पान होतं, त्यामुळं बोलता येईना. पान नसतं तरी काय बोललो असतो, देव जाणे.

पुढच्या महिन्यात दिवाणजींनी विचारलं, "कोण गुरुजी? कसले पैसे?" आणि पाठोपाठ नोटीस आली: थकबाकी भरा, नाहीतर घराचा लिलाव. आक्का मला एका शब्दानं बोलली नाही. कट्ट्यावर मात्र सगळ्यांना सांगितलं, "आमचा मास्तर हप्ता भरून पान खाऊन आला. लई महाग पान हाय त्या पेढीतलं." घरी आली आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिली. माणसं न बोलावता ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "ह्या घरात मी लगीन होऊन आलो," ती म्हणाली. "आता मैनेला घिऊन कुठं जाऊ?" मी उठून मैनेपुढं वैरण टाकली. बोलण्याचा माझा अनुभव ताजा होता.

जरा वेळानं ती पदर खोचून उठली. "मास्तर, एक तारखेला कट्टा न्हाय. धार पेढीच्या दारात काढायची. तुमी फकस्त रेडकू घिऊन या."

एक तारखेला संध्याकाळी मैना पेढीच्या दारासमोर बांधली गेली. कट्ट्यावरचं गिऱ्हाईक पेले घेऊन तिथं आलं. मी रेडकू आणलं. आक्कानं ते म्हशीजवळ सोडलं, आणि मैनेनं त्याला अशी लाथ मारली, की ते माझ्या अंगावर आलं आणि मी गटाराच्या कडेला बसलो.

"मास्तर! ह्ये श्येजारच्यांचं हाय की!"

माझ्या डोळ्यांना सगळी रेडकं सारखीच दिसतात. खरं रेडकू आणायला तालमीतला एक पोरगा धावला. तोवर मैना पान्हा सोडेना, दूध मिळाल्याशिवाय गिऱ्हाईक हलेना, आणि मागून येणारं थांबत गेलं. 'काय झालंय?' म्हणून न पिणारेही उभे राहिले. रस्ता गच्च भरला. आक्का माझ्याकडं बघून पुटपुटली, "आसंच चुकत जावा." माझ्या गाढवपणाचं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

दिवाणजींनी पोलीस बोलावला. पोलीस आला, गर्दी बघून त्यानं विचारलं, "दूध हाय व्हय? मला बी पावशेर," आणि रांगेत उभा राहिला. अखेर दिवाणजीच पायरीवर आले.

"आक्का, हा काय तमाशा?"

"तमाशा न्हाय, हप्ता. घ्या, आनी पावती द्या. आनी मास्तरनं दिलता त्येची बी द्या."

"मास्तर आलेच नव्हते."

"आलते की!" गर्दीतून आवाज आला. कोपऱ्यावरचा पानवाला हातात पेला घेऊन उभा होता. "तुमचाच गडी आलता न्हवं का? 'मास्तर हप्ता घिऊन आल्यात, गोड पान लाव' म्हनला. पानाचं पैसं बी अजून तुमच्याकडंच हाईत!"

रस्ता हसला. पेढीवर ठेव ठेवणारेही त्या गर्दीत होते, ते मात्र हसले नाहीत. 'बाहेरगावी' असलेले शेठ आतून म्हणाले, "दिवाणजी, दोन्ही पावत्या द्या. नोटीसही मागं घ्या. आणि ते जनावर हलवा." आक्कानं दोन्ही पावत्या डोक्यावर धरून गर्दीला दाखवल्या, पानवाल्याचे पैसे दिवाणजींकडून देववले, आणि मगच धार काढायला बसली. खरं रेडकू तोवर आलं होतं.

पुढच्या एक तारखेलाही मैना पेढीच्या दारात होती, आणि गर्दीत एक शिंपी उभा होता. त्याच्या एका हातात पेला होता, दुसऱ्या हातात हप्ता. त्याच्या पुढच्या महिन्यात एक मास्तरीणबाई आल्या. मान खाली घालून जाणारी माणसं दुधाच्या वेळी मान वर करून यायला लागली. आक्काचं घर काही वर्षांनी पूर्ण सुटलं, पण एक तारीख तिनं सोडली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "माझं सुटलं. त्या शिंप्याचं कुठं सुटलंय?"

ती गेली ती चार दिवसांच्या आजारात, ऐन थंडीत. घर पुतण्याला मिळालं, कुणाच्या एका पैचाही बोजा नसलेलं. मैनेला आक्काचा भाऊ आपल्या गावी, गडमुडशिंगीला, घेऊन गेला.

त्यानंतरच्या एक तारखेला शाळेतून येताना माझे पाय आपोआप पेढीकडं वळले. दारात म्हैस नव्हती. माणसं होती. पोलीस होता, तालमीतले पैलवान होते, आणि प्रत्येकाच्या हातात पेला होता, रिकामा. दिवाणजी पायरीवर आले. त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेकडं एकदा पाहिलं, शिंप्याचा हप्ता घेतला, पावती लिहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याचं नाव वाचलं.

मी नेहमीसारखाच काही न घेता आलो होतो. पानवाल्यानं आपला पेला माझ्या हातात दिला.

"धरा मास्तर," तो म्हणाला. "हितं रिकाम्या हातानं हुबं ऱ्हायाचं न्हाय."